कपड्यांचें कपाट आणि डांबराच्या गोळ्या

थंडीचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघरीं माळ्यावरच्या ट्रंका खालीं उतरतात. वर्षभर बंद असलेलें झांकण उघडतांच एक उग्र, किंचित् गोडसर वास नाकांत शिरतो आणि घरांतील वडील माणसें समाधानानें म्हणतात, "गोळ्या ठेवल्या होत्या; कपडे शाबूत असतील." शाली, स्वेटर, मफलर, ब्लँकेटें, आजोबांचा लग्नांतला कोट, सारें कांहीं त्या वासासह बाहेर पडतें आणि बहुधा त्याच दिवशीं अंगावर चढतें. या वासाला मराठी घरांत स्वच्छतेची आणि काटकसरीची प्रतिष्ठा मिळालेली आहे. परंतु तो ज्या द्रव्याचा वास आहे तें द्रव्य किड्यांना मारतें म्हणूनच तेथें ठेवलेलें असतें, आणि किड्यांना मारणारी वस्तु घरांत कोणत्या जागीं, किती आणि कोणापासून दूर ठेवावी हा विचार फारच थोड्या घरांत होतो.

'डांबराच्या गोळ्या' हें लोकांनीं दिलेलें नांव अगदीं यथार्थ आहे. दगडी कोळसा हवा लागूं न देतां तापविला असतां त्यांतून जो काळा, चिकट द्रव निघतो तें डांबर. या डांबराचें ऊर्ध्वपातन करतांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील रसायनज्ञांच्या हातीं एक पांढरा शुभ्र स्फटिकमय पदार्थ लागला. जॉन किड यानें १८२१ सालीं त्याचें वर्णन करून त्याला नॅफ्थलीन हें नांव दिलें, आणि मायकेल फॅरेडे यानें १८२६ सालीं त्याच्या घटकांचें प्रमाण ठरविलें. कार्बनाचे दहा आणि हायड्रोजनचे आठ परमाणु मिळून त्याचा एक अणु होतो. इतक्या काळ्या वस्तूंतून इतकी पांढरी वस्तु निघावी हें त्या काळच्या लोकांना नवलाचें वाटलें असल्यास त्यांत आश्चर्य नाहीं.

नॅफ्थलीन वितळतें ८० अंश सेंटिग्रेडला. परंतु वितळण्याची वाट न पाहतां खोलीच्या साध्या उष्णतेंतच त्याची हळूहळू वाफ होत असते. कापराचा हाच गुण देवघरांतील डबीमुळें सर्वांच्या परिचयाचा आहे. ट्रंकेंत ठेवलेली सुपारीएवढी गोळी कांहीं महिन्यांत वाटाण्याएवढी होते आणि अखेरीस दिसेनाशी होते. मागें ओल राहत नाहीं, डाग राहत नाहीं. "गोळी संपली" असें म्हणणारा गृहस्थ एवढेंच विसरतो कीं ती कोठें तरी गेलेली आहे. कांहीं भाग कपड्यांच्या धाग्यांत गेला, कांहीं कपाटाच्या लांकडांत मुरला आणि कपाट झोपण्याच्या खोलींत असेल तर उरलेला भाग तेथें निजणाऱ्यांच्या श्वासावाटें त्यांच्या शरीरांत गेला. माणसाचें नाक या वासाबाबत फार तीक्ष्ण असतें हें खरें, पण तें लवकर सरावतेंहि. ज्या घरांत या गोळ्या वर्षानुवर्षें वापरल्या जातात तेथील माणसांस वास येईनासा होतो. पाहुणा उंबरठ्यांत पाऊल टाकतो आणि त्याला मात्र तो तत्काळ जाणवतो.

आतां ज्या शत्रूकरितां एवढी सिद्धता करावयाची तो शत्रु तरी कोण हें पाहिलें पाहिजे. 'कपड्यांना कसर लागली' असें आपल्याकडे म्हणतात. परंतु कसर या एका शब्दाखालीं दोन अगदीं निरनिराळे जीव मोडतात. एक म्हणजे जुन्या पुस्तकांतून सर्रकन् पळणारा, चंदेरी, माशाच्या आकाराचा, पंख नसलेला किडा. त्याला पिष्टमय पदार्थ प्रिय. पुस्तकाच्या बांधणीची खळ, कपड्यांची कांजी यांवर तो जगतो. दुसरा जीव म्हणजे फिकट सोनेरी रंगाचा लहानसा पतंग. पंख पसरले तरी त्याची रुंदी अर्ध्या इंचाच्या आसपास भरते. दिव्याभोंवतीं घिरट्या घालणाऱ्या पतंगांशीं त्याचें नातें असलें तरी स्वभाव उलट आहे. त्याला उजेड सोसत नाहीं; कपाट उघडलें कीं तो घड्यांच्या आड दडतो. म्हणून दिव्यावर आलेला पाखरूं मारून कपड्यांचें रक्षण होतें असें समजूं नये.

हा पतंग स्वतः कपडा खात नाहीं. पूर्ण वाढलेल्या पतंगाला खाण्याजोगें तोंडच नसतें. मादी लोंकरीच्या घड्यांत चाळीस-पन्नास अंडीं घालते आणि मरते. त्या अंड्यांतून निघणारी पांढुरकी अळी हीच खरी चोर. लोंकर, केस, पिसें यांत जें केराटिन नांवाचें द्रव्य असतें तें पचविण्याची शक्ति फार थोड्या प्राण्यांना आहे, आणि ही अळी त्यांतली एक आहे. तिचें आयुष्य अन्न व उष्णता यांवर अवलंबून असतें. कधीं ती दोन महिन्यांत कोश करते, तर कधीं वर्षाहून अधिक काळ कपड्यांतच मुक्काम ठोकते. धुवून ठेवलेल्या स्वच्छ लोंकरीपेक्षां घामानें, तेलानें, अन्नाच्या शिंतोड्यानें मळलेली लोंकर तिला अधिक मानवते. स्वेटरच्या कॉलरला आणि काखेला प्रथम भोंकें पडतात याचें कारण हेंच.

यावरून एक गोष्ट उघड होते. सुती कपड्यांत, म्हणजे धोतरें, सुती लुगडीं, पंचे, चादरी, सदरे यांत डांबराच्या गोळ्या घालणें हा शुद्ध अपव्यय आहे. ही अळी सूत खात नाहीं. कांजी केलेल्या सुती कपड्याला चंदेरी किड्याचें भय असतें खरें, पण कांजी धुवून टाकून कोरडा कपडा ठेवला कीं तें भय उरत नाहीं. तरीहि प्रत्यक्षांत असें दिसतें कीं गोळ्यांची पुडी आणली म्हणजे ती सगळ्या खणांतून समभागानें वाटली जाते. मुलांच्या झबल्यांच्या खणांत दोन, टॉवेलांत दोन, बूट ठेवण्याच्या फडताळांत दोन. कित्येक घरांत मोरीच्या जाळीवर, ओट्याच्या कोनाड्यांत आणि धान्याच्या कोठींतसुद्धां त्या आढळतात. अन्नाच्या जवळ या गोळ्यांना केव्हांहि थारा देऊं नये. अंगणांत पसरल्यानें साप येत नाहीं ही समजूतहि निराधार आहे.

पैठणी, शालू, पीतांबर यांची गोष्ट थोडी वेगळी. रेशीम हें प्राणिज आहे. परंतु स्वच्छ रेशमाकडे अळी सहसा वळत नाहीं. जरीचें कपडे काळे पडतात ते हवेंतील गंधकयुक्त वायूंमुळें व दमटपणामुळें, आणि त्यावर डांबराच्या गोळीचा कांहीं उपाय नाहीं. घामाचा डाग न ठेवतां, जुन्या धुतलेल्या मऊ पांढऱ्या सुती वस्त्रांत गुंडाळून, दर दोन-तीन महिन्यांनीं घडी बदलून ठेवलेली पैठणी गोळीवांचून दोन पिढ्या सुखानें टिकते. घडी एकाच जागीं वर्षानुवर्षें राहिली तर मात्र तेथेंच ती चिरते. कसरीपेक्षां या घडीनेंच अधिक वस्त्रांचा नाश केला असेल.

मग या गोळ्यांचा उपयोग आहे तरी कोठें? लोंकरीच्या कपड्यांसाठीं, आणि तोहि घट्ट बंद होणाऱ्या पेटींत. येथें एक मोठा गैरसमज आड येतो. गोळीच्या वासानें किडे पळून जातात अशी सर्वत्र समजूत आहे. वस्तुतः नुसत्या वासानें अळी हलत नाहीं. बंद जागेंत नॅफ्थलीनची वाफ सांठत जाऊन तिचें प्रमाण पुरेसें वाढलें, आणि तें आठवडेच्या आठवडे टिकलें, तरच अंडीं व अळ्या मरतात. रोज दहा वेळां उघडणाऱ्या, दाराला फट असणाऱ्या, झोपण्याच्या खोलींतील कपाटांत हें प्रमाण कधींच वाढत नाहीं. तेथें अळी जगते आणि तिच्या वांट्याचें विष माणसें श्वासाबरोबर घेत राहतात. असा उपाय अनेक घरांत वर्षानुवर्षें श्रद्धेनें चालूं आहे. रोजच्या वापराच्या कपाटांत, मग तें कितीहि सुंदर सागवानी असो, या गोळ्या मुळींच ठेवूं नयेत हा पहिला नियम होय.

घट्ट झांकणाची लोखंडी ट्रंक, किंवा तोंड पक्कें बांधतां येईल अशी जाड प्लॅस्टिकची पिशवी, हीच त्यांची जागा. गोळी सुटी न टाकतां पातळ मलमलीच्या फडक्यांत बांधावी, म्हणजे ती कपड्याला चिकटत नाहीं आणि हाताळतां येते. नॅफ्थलीनची वाफ हवेपेक्षां सुमारें साडेचार पट जड असते. ती खालीं उतरते. यासाठीं पुरचुंडी तळाशीं न ठेवतां सर्वांत वर ठेवावी. किती गोळ्या लागतील तें पेटीच्या आकारमानावर अवलंबून असतें व तें वेष्टनावर छापलेलें असतें. त्याहून एकहि अधिक घालूं नये. वेष्टनावर कांहींच छापलेलें नसेल अशी सुटी, वजनावारी मिळणारी गोळी विकत न घेणें उत्तम. ती पेटी झोपण्याच्या खोलींत नसावी. प्लॅस्टिकच्या गुंड्या, मणी, पिशव्या यांचा गोळीशीं स्पर्श होऊं देऊं नये. कांहीं प्रकारचें प्लॅस्टिक या वाफेनें मऊ पडतें. आणि हा पदार्थ ज्वालाग्राही असल्यामुळें समई, निरांजन, शेगडी यांपासून दूर असावा.

एवढी सावधगिरी कशासाठीं, असें विचारणाऱ्यांसाठीं पुढील भाग विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण येथें प्रश्न स्वेटरचा राहत नाहीं.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरीं येते. आजी आनंदानें माळ्यावरची पेटी उतरविते. तिच्यांत जुन्या मऊ लुगड्यांचीं शिवलेलीं दुपटीं असतात, कुंची असते, टोपरें असतें, गोधडी असते. याच दुपट्यांत त्या मुलीचें बाळपण गेलेलें असतें. इतकीं वर्षें तीं डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवलेलीं. "नवीन कापडापेक्षां जुनें मऊ, बाळाच्या अंगाला बोंचत नाहीं," हें आजीचें म्हणणें पूर्णपणें बरोबर आहे. मग बाळाला तेल लावून, न्हाऊं घालून, पुन्हां थोडें तेल चोळून त्या दुपट्यांत घट्ट गुंडाळलें जातें आणि खोलीचीं दारें-खिडक्या वारा लागूं नये म्हणून लावून घेतलीं जातात. यांतील प्रत्येक कृति मायेची आहे. परंतु नॅफ्थलीन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं आणि तेलांत सहज विरघळतें. दुपट्यांतलें नॅफ्थलीन तेल लावलेल्या त्या कोंवळ्या त्वचेंतून आंत जातें, बंद खोलींत श्वासावाटेंहि जातें, आणि अवघ्या अडीच-तीन किलो वजनाच्या शरीरांत त्याचें प्रमाण पाहतां पाहतां धोक्याचें होतें.

शरीरांत गेल्यावर नॅफ्थलीनपासून जीं द्रव्यें बनतात तीं रक्तांतील तांबड्या पेशींवर घाला घालतात. पेशी फुटतात. त्यांतलें रक्तद्रव्य लघवीवाटें जाऊं लागतें व लघवी गडद, चहाच्या काढ्यासारखी होते. बाळ पांढुरकें पडतें, दूध ओढीत नाहीं, सुस्त होतें, आणि फुटलेल्या पेशींपासून झालेलें पित्तरंजक द्रव्य सांचून त्याला कावीळ होते. मोठ्या माणसाचें यकृत तें द्रव्य बाहेर टाकूं शकतें. नवजात अर्भकाचें यकृत त्या कामाला अद्याप तयार झालेलें नसतें. कावीळ फार वाढली तर तें द्रव्य मेंदूंत उतरतें आणि मूल दगावतें किंवा जन्मभराचें पंगू होतें. फसवणूक अशी कीं पहिले एक-दोन दिवस कांहींच दिसत नाहीं, आणि पुढें कावीळ दिसली तरी 'बहुतेक बाळांना होतेच' म्हणून घरचीं माणसें थांबून राहतात. कावीळ झालेल्या बाळाला डॉक्टरांकडे नेतांना घरांत या गोळ्यांचा वापर असेल तर तें न विचारतां सांगावें. डॉक्टरांच्या मनांत ही शंका आपण होऊन येईलच असें नाहीं.

हा केवळ तर्क नव्हे. ग्रीस देशांतील डॉक्टरांनीं १९६३ सालीं एकवीस नवजात अर्भकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या सर्वांच्या रक्तपेशी नॅफ्थलीनमुळें फुटल्या होत्या. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं त्यांतील बहुतेक बाळांच्या अंगाला गोळ्यांत ठेवलेले कपडे प्रत्यक्ष लागलेहि नव्हते. खोलींत किंवा जवळपास असलेल्या पांघरुणांची व कपड्यांची वाफच त्यांना बाधली होती. तेव्हां बाळाला नवें दुपटें घेतलें आणि आजीनें मात्र ट्रंकेंतून काढलेली शाल पांघरून त्याला मांडीवर घेतलें, तरी काळजी घेतली असें म्हणतां येत नाहीं.

त्या एकवीस बाळांपैकीं बऱ्याच जणांच्या अंगीं, पण सर्वांच्या नव्हे, एक जन्मजात उणीव आढळली. तांबड्या पेशींचें अशा आघातांपासून रक्षण करणारें जी-सिक्स-पी-डी नांवाचें एक एन्झाइम असतें. कांहीं माणसांत तें जन्मतःच कमी असतें. १९५६ सालीं अमेरिकेंत, हिवतापावरील प्रायमाक्विन हें औषध ठराविक माणसांनाच कां बाधतें याचा शोध घेतांना ही उणीव प्रथम उमगली. ती आईकडून मुलाकडे येते आणि मुलींपेक्षां मुलग्यांत अधिक दिसते. भारतांत ती दुर्मीळ नाहीं. मुंबईच्या पारशी समाजांत आणि कित्येक आदिवासी जमातींत तिचें प्रमाण इतरांहून अधिक आढळलें आहे. अशा माणसाच्या बाह्य रूपावरून कांहींच कळत नाहीं. धडधाकट दिसणारा मुलगा एखाद्या औषधानें किंवा डांबराच्या गोळीनें एकाएकीं पिवळा पडतो तेव्हांच ती उघडकीस येते. रक्ताची साधी तपासणी करून ती आधीं ओळखतां येते. ज्या कुटुंबांत एकाला ती आहे तेथें या गोळ्यांना घराचा दरवाजा कायमचा बंद असावा.

गर्भवती स्त्रियांबद्दल एक नाजूक गोष्ट येथेंच सांगणें बरें. डोहाळ्यांच्या काळांत मातीचा, पाटीवरच्या पेन्सिलीचा सोस कांहींना लागतो तसा क्वचित् डांबराच्या गोळीचा वास घेण्याचा, ती चघळण्याचाहि लागतो. लाजेनें तो लपविला जातो. नॅफ्थलीन आईच्या रक्तांतून गर्भापर्यंत पोंचतें आणि अशा मातांचीं मुलें जन्मतःच बाधित झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. सासूनें किंवा आईनें रागें न भरतां विचारावें आणि डॉक्टरांस सांगावें.

रांगत्या मुलांची बाजू याहून सोपी व तितकीच भयंकर आहे. पांढरी, गोल, गुळगुळीत गोळी ही मुलाच्या दृष्टीनें पेपरमिंट आहे, बत्तासा आहे, लिमलेटची गोळी आहे. अलीकडे त्या गुलाबी, हिरव्या रंगांतहि मिळतात. विक्रेत्यांना ही कल्पना कशी सुचते कोण जाणें. एका गोळीचें वजन दोनपासून पांच ग्रॅमपर्यंत असतें, आणि वर सांगितलेली उणीव असलेल्या मुलाला एक गोळीहि पुरे होते. मुलानें गोळी तोंडांत घातल्याचा नुसता संशय आला तरी तोंडांतला भाग बोटानें काढून चूळ भरवावी आणि इस्पितळ गांठावें. घशांत बोट घालून किंवा मिठाचें पाणी पाजून ओकारी काढूं नये. विष उतरावें म्हणून दूध, तूप किंवा तेल पाजण्याची जी जुनी रीत आहे ती येथें उलटी पडते. स्निग्ध पदार्थाबरोबर नॅफ्थलीन अधिकच वेगानें रक्तांत जातें. गोळ्यांचें वेष्टन व उरलेल्या गोळ्या बरोबर न्याव्या. मूल त्या वेळीं हसत-खेळत असलें तरी "कांहीं झालें नाहीं" म्हणून परत फिरूं नये. परिणाम एक ते तीन दिवसांनीं दिसूं लागतो.

वेष्टन नसेल तर गोळी कशाची आहे हें घरींच ओळखण्याची एक युक्ति आहे. बाजारांत तीन प्रकार मिळतात : नॅफ्थलीन, कापूर आणि पॅराडायक्लोरोबेन्झीन. हा तिसरा पदार्थ मुताऱ्यांतून व न्हाणीघरांतून वड्यांच्या रूपानें पुष्कळ वापरला जातो, आणि तोहि विषारीच आहे. अर्धा पेला कोमट पाण्यांत तीन मोठे चमचे मीठ पूर्ण विरघळवावें आणि दुसऱ्या पेल्यांत साधें पाणी घ्यावें. कापूर साध्या पाण्यावरहि तरंगतो. नॅफ्थलीन साध्या पाण्यांत बुडतें पण मिठाच्या पाण्यावर तरंगतें. तिसरी गोळी दोन्हींत तळ गांठते. हे पेले पुन्हां पिण्यासाठीं वापरूं नयेत. हें ओळखण्याचा डॉक्टरांना तर उपयोग होतोच, पण गृहिणीलाहि होतो. अनेकजणी गुण वाढावा म्हणून एकाच पेटींत कापराच्या वड्या आणि डांबराच्या गोळ्या एकत्र ठेवतात. हे पदार्थ एकमेकांस लागले कीं त्यांचें मिश्रण आपल्याकडच्या साध्या उन्हाळ्यांतहि पातळ होतें, आणि त्याचे तेलकट डाग नेमके जपलेल्या शालीवर उतरतात. एका पेटींत एकच पदार्थ असावा.

नॅफ्थलीनचा कर्करोगाशीं संबंध आहे काय, असाहि प्रश्न विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००२ सालीं त्याची गणना 'माणसांत कर्करोग उत्पन्न करण्याची शक्यता असलेल्या' द्रव्यांत केली. हा निर्णय मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांच्या आधारें झाला आहे. वर्षांतून एकदां ट्रंक उघडणाऱ्यानें त्यावरून घाबरून जाऊं नये. कपाटाशेजारीं उशी ठेवून निजणाऱ्यानें मात्र विचार करावा. युरोपीय संघानें २००८ सालीं नॅफ्थलीनच्या गोळ्या बाजारांतून काढल्या. भारतांत त्या किराण्याच्या दुकानांत मिळतात.

गोळ्यांवांचून लोंकर राखतां येते, आणि ती रीत फारशी अवघड नाहीं. अळीला मळलेली लोंकर आवडते, म्हणून थंडी संपतांच प्रत्येक लोंकरी कपडा धुवून, पूर्ण वाळवून मगच पेटींत ठेवावा. न धुतां 'एकदांच तर घातला होता' म्हणून ठेवलेला स्वेटर सगळ्या पेटीला पुरतो. जो कपडा धुतां येत नाहीं तो उन्हांत उलटसुलट करून शिवणींतून व खिशांतून ब्रशानें घांसावा. अंडीं तेथेंच असतात व तीं हलकीं चिकटलेलीं असल्यानें गळून पडतात. पेटी वर्षांतून दोन-तीनदां उघडून कपडे झटकावे, कारण या किड्याला निवांतपणा व अंधार हवा असतो. कसर लागलीच असेल तर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून, ज्या फ्रीजरमध्यें उणे १८ अंश थंडी असते त्यांत चांगला आठवडाभर ठेवावा; अंड्यांसकट सर्व मरतें. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडूं नये, नाहीं तर कपड्यावर दंव धरतें.

वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा वाळलेला पाला, लवंगा, वाळा हीं आपल्याकडचीं जुनीं साधनें. त्यांच्याविषयीं अतिशयोक्ति नको. बाहेरून येणाऱ्या किड्याला तीं थोडीफार अडवीत असतील. आंत असलेल्या अळीला तीं मारीत नाहींत. परंतु धुतलेल्या कपड्यांत अळी मुळीं नसेल तर तेवढेंच पुरेसें होतें, आणि वास तर निश्चित अधिक चांगला. कापूर मात्र निरुपद्रवी समजूं नये. तो मुलाच्या पोटांत गेला तर आंकडी येते.

राहिला प्रश्न ज्या कपड्यांत हा वास आधींच मुरला आहे त्यांचा. तो पाण्यानें सहज जात नाहीं, कारण नॅफ्थलीन पाण्यांत विरघळतच नाहीं. त्याला घालविणारी शक्ति हवा व उष्णता. कपडे आधीं बाहेर, वाऱ्यावर, कांहीं दिवस टांगावे. सुती व पक्क्या रंगाचे कपडे कडक उन्हांत, लोंकरी व रेशमी सावलींत. वास निघून गेल्यावर मग साबणानें, सुती असल्यास गरम पाण्यानें धुवावे, आणि पुन्हां वाऱ्यावर वाळवावे. वास गेला कीं नाहीं याचा निवाडा शेजारणीकडून किंवा बाहेरून आलेल्या माणसाकडून करवून घ्यावा. घरच्या नाकावर विसंबूं नये. बाळासाठीं काढावयाचीं दुपटीं सातवा महिना लागतांच पेटींतून बाहेर काढलीं तर त्यांना पुरेसा अवकाश मिळतो. इतकें करूनहि वास राहिलाच तर तें दुपटें बाळाच्या आईच्या आठवणींसाठीं ठेवावें, बाळासाठीं दुसरें शिवावें. कपाट स्वतः वास धरून बसलें असेल तर तें रिकामें करून, दारें उघडीं टाकून, खिडकीसमोर कांहीं आठवडे राहूं द्यावें. लांकूड सावकाश सोडतें.

उरलेल्या गोळ्या मोरींत किंवा संडासांत टाकूं नयेत, नदींत टाकूं नयेत, पाल्यापाचोळ्याबरोबर जाळूंहि नयेत. घट्ट झांकणाच्या कांचेच्या बरणींत घालून, वर ठळक अक्षरांत 'विष' असें लिहून, नगरपालिका घातक कचरा वेगळा घेत असेल तर त्यांत द्याव्या. तोंवर ती बरणी उंच फळीवर कुलपांत असावी, आणि ती पूर्वीं लोणच्याची, मुरंब्याची किंवा खाऊची असूं नये. बरणी पाहून आंत काय आहे तें मुलें ठरवितात; त्यांना वाचतां येत नसतें.